आधी बीळ, मग भुंगेरा

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: पुण्याजवळच्या एका टेकडीवर गेले दोन पावसाळे आपण दर रविवारी व्याघ्र-भुंगेरे शोधत आहात. पायवाटेवर पुढे काहीतरी चमकते, कॅमेरा उचलेपर्यंत ते उडून आठ-दहा पावलांवर जाऊन बसते, आपण मागे गेलात की पुन्हा उडते आणि तासाभराच्या पाठलागानंतर हाती एक धूसर छायाचित्र उरते. हे कीटक नेमके कुठे, कधी आणि कसे पाहावेत, जाळीने पकडून पाहणे योग्य ठरेल का, असे आपले प्रश्न आहेत. पत्राच्या शेवटी आपण सहज म्हणून लिहिले आहे की त्याच पायवाटेच्या कडेला पेन्सिलीने पाडल्यासारखी गोल भोके दिसली आणि ती कोळ्याची असावीत असे वाटले. माझ्या मते आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे. पण त्याकडे येण्यापूर्वी हा कीटक कोण आहे आणि तो पाठलागाला दाद का देत नाही, हे सांगणे आवश्यक आहे.

व्याघ्र-भुंगेरे म्हणजे भुंगेऱ्यांच्या सिसिंडेलिडे या कुळातील शिकारी कीटक. जगभरात त्यांच्या अडीच हजारांहून अधिक प्रजाती ज्ञात आहेत आणि त्यांपैकी सुमारे २४० भारतात आढळतात. लांब सडपातळ पाय, छातीपेक्षा रुंद डोके, दोन्ही बाजूंना फुगीर डोळे आणि एकमेकांवर आडवे येणारे विळ्यासारखे दातेरी जबडे ही त्यांची ओळख आहे. मुरमाड माळावर त्यांच्याशी हमखास घोटाळा होतो तो अँथिया सेक्सगुट्टाटा या भूभुंगेऱ्याचा. तो काळाकुळकुळीत, पाठीवर पांढरे मोठे ठिपके असलेला आणि चांगला दणकट असतो, पण त्याचे डोळे तुलनेने लहान असतात, तो धावतो आणि उडत नाही. त्याला डिवचल्यास तो मागच्या बाजूने झोंबणारा द्रव उडवतो, म्हणून त्याच्याजवळ डोळे नेऊ नयेत. व्याघ्र-भुंगेरा मात्र पाठीवर चंद्रकोरी, पट्टे किंवा ठिपके मिरवतो आणि जमिनीवरून सरळ झेप घेऊन उडतो.

आता पाठलागाविषयी. या कुळातील काही प्रजाती कीटकजगतातील सर्वांत वेगवान धावपटूंमध्ये मोडतात. ऑस्ट्रेलियातील सिसिंडेला हडसोनी या प्रजातीचा वेग सेकंदाला सुमारे अडीच मीटर, म्हणजे ताशी नऊ किलोमीटर मोजला गेला आहे. आपल्याकडचे भुंगेरे इतक्या वेगाने धावत नसले, तरी धावण्याची पद्धत तीच आहे: एक झपाटा, मग अचानक थांबणे, मग पुन्हा झपाटा. हे थांबणे विश्रांतीसाठी नसते. पूर्ण वेगात असताना डोळ्यांत पुरेसा प्रकाश साठत नाही आणि समोरचे चित्र पुसट होते, म्हणून भक्ष्य पुन्हा नेमके कुठे आहे हे पाहण्यासाठी त्याला क्षणभर थांबावे लागते. धावताना तो आपल्या स्पृशा ताठ पुढे धरतो आणि त्यांच्या टोकांनी वाटेतील अडथळा ओळखतो. हे वर्तन २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. निरीक्षकाने यातून घ्यायची गोष्ट अशी की थांबलेल्या भुंगेऱ्याला हालचाल फार चांगली दिसते. आपण उभ्याने, लांब पावले टाकत त्याच्याकडे जाता तेव्हा त्याच्या दृष्टीने क्षितिजावरची एक प्रचंड वस्तू सरकत असते आणि तो उडणारच. उडून तो बहुतेक वेळा फार दूर जात नाही आणि बसताना अनेकदा आपल्याकडे तोंड करून बसतो, म्हणजे दुसऱ्या खेपेला आपले येणे त्याला आधीच दिसत असते.

म्हणून मी नवोदितांना नेहमी सांगतो की भुंगेरा शोधू नका, त्याची जमीन शोधा. हा कीटक जागेला जितका चिकटून असतो तितके फार थोडे उडणारे कीटक असतात. प्रत्येक प्रजातीची जमीन ठरलेली असते आणि ती ओळखता आली की निम्मे काम झाले. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाटांवर पावसाळ्यात आपल्याला दिसणारा, गडद पाठीवर पिवळसर ठिपक्यांचा भुंगेरा बहुधा कॅलोक्रोआ फ्लॅव्होमॅक्युलाटा असावा. मात्र छायाचित्र धूसर असल्याने मी खात्री देत नाही. त्याला आजूबाजूला झाडोरा आणि मध्ये उघडी, घट्ट, ओलसर मातीची वाट अशी रचना मानवते. नदीकाठी चित्र बदलते. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या वाळवंटावर, ओल्या वाळूच्या आणि गाळाच्या सीमेवर कॅलोमेरा अँग्युलाटा थव्याने दिसतो. तपकिरी-काशाच्या रंगावर फिकट पट्टे असलेला हा भुंगेरा वाळूवर इतका मिसळून जातो की हलेपर्यंत समोर असूनही दिसत नाही. समुद्राच्या पुळणीवर हायपेथा बायरामोसा असतो. तो भरती-ओहोटीच्या पट्ट्याजवळच्या ओल्या वाळूत माश्या आणि लहान कवचधारी प्राणी शोधत धावतो, आणि त्याच किनाऱ्यावर नारळीच्या बागेत शिरलात की तो संपतो. घाटातल्या दाट सावलीच्या वाटांवर आणि ओढ्याकाठच्या खडकांवर जान्सेनिया या वंशाच्या प्रजाती शोधाव्यात. हा वंश भारतीय उपखंडाचा खास आहे. आणि निओकोलायरिस वंशाचे भुंगेरे तर जमिनीवर येतच नाहीत. लांबट मानेचे, निळसर चकाकीचे, एखाद्या मोठ्या मुंगीसारखे दिसणारे हे कीटक झुडपांच्या पानांवर आणि डहाळ्यांवर शिकार करतात, त्यांच्या अळ्याही मातीत न राहता डहाळ्यांत बीळ करतात. त्यामुळे मान खाली घालून चालणाऱ्याला ते वर्षानुवर्षे भेटत नाहीत.

जमिनीशी इतके घट्ट नाते का, याचे उत्तर अळीच्या आयुष्यात आहे. इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या पायवाटेवरची ती भोके समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

मादी मातीत एकेक अंडे स्वतंत्रपणे, पृष्ठभागाच्या किंचित खाली घालते. त्यातून निघालेली अळी सामान्यतः त्याच ठिकाणी उभे बीळ खणते आणि बहुतेक प्रजातींत पूर्ण वाढ होईपर्यंत तेथेच राहते. म्हणजे मातीचा पोत, ओलावा, उतार, ऊन यांची निवड मादी एकदाच करते आणि ती चुकली तर अळीला दुसरी संधी जवळजवळ नसते. अळीचे शरीर मऊ आणि फिकट असते, पण डोके आणि त्यालगतचा भाग कठीण, चपटा आणि मातीच्या रंगाचा असतो. हे डोके ती बिळाच्या तोंडाशी झाकणासारखे बसवून वाट पाहते. पोटाच्या पाचव्या खंडावर पाठीच्या बाजूने एक कुबड असते आणि त्यावर पुढे वळलेले आकडे असतात; हे आकडे बिळाच्या भिंतीत रुतवून ती स्वतःला घट्ट धरून ठेवते. मुंगी किंवा लहान कोळी जवळून गेला की अळी पाठीच्या बाजूला झेप घेऊन अर्धे शरीर बाहेर फेकते, भक्ष्य पकडते आणि त्याला घेऊन खाली नाहीशी होते. हे सारे इतक्या चटकन घडते की पहिल्यांदा पाहणाऱ्याला मुंगी जमिनीने गिळली असेच वाटते. भक्ष्य मोठे असेल आणि ते अळीला बाहेर ओढू पाहत असेल, तेव्हा त्या आकड्यांचे महत्त्व कळते.

हे बीळ ओळखण्याच्या खुणा स्पष्ट आहेत. तोंड अगदी गोल असते आणि कडा गुळगुळीत असते. व्यास प्रजातीनुसार आणि अळीच्या वयानुसार साधारण दोन ते सहा मिलिमीटर भरतो. मुंग्यांच्या वारुळाप्रमाणे तोंडाभोवती मातीचा कंगोरा नसतो, कारण अळी खणलेली माती डोक्यावर घेऊन वर आणते आणि बाजूला उडवते. कोळ्याच्या बिळाच्या तोंडाशी रेशमाचे अस्तर दिसते, इथे ते नसते. मुंगीसिंहाचा खड्डा भुरभुऱ्या धुळीत नरसाळ्यासारखा असतो, त्यामुळे त्याच्याशी घोटाळा होण्याचे कारण नाही. सर्वांत खात्रीची खूण मात्र वर्तनाची आहे. आपण चालत येताना समोरच्या सपाट मातीत अचानक एक भोक ‘उघडले’ असे वाटले, तर ते भोक आधीपासून होतेच. त्यावर बसलेले डोके आपल्या पावलांच्या कंपनाने खाली गेले आहे. आता दीड-दोन मीटरवर बसून राहा, हलू नका, सावली बिळावर पडू देऊ नका. पाच, दहा, कधी वीस मिनिटांनी भोक हळूच बुजते, म्हणजे अळी परत वर आलेली असते. दुर्बिणीतून पाहिल्यास त्या मातकट झाकणावर चमकणारे डोळे आणि वर वळलेले जबडे दिसतात.

अळीच्या तीन अवस्था असतात आणि प्रत्येक वेळी कात टाकल्यावर ती बीळ रुंद करते. म्हणून एकाच जागी लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन मापांची भोके दिसली, तर तिथे वस्ती नियमितपणे टिकून आहे असे समजावे. कात टाकताना आणि जमीन कोरडी पडल्यावर अळी बिळाचे तोंड आतून मातीने बंद करते. त्यामुळे एप्रिलमध्ये पायवाट कोरी दिसली, तरी अळ्या खाली जिवंत असू शकतात. काही प्रजातींची बिळे बोटभर खोल असतात, काहींची हातभर. अन्न आणि हवामान यांनुसार अळीचे आयुष्य एका वर्षात संपते किंवा काही प्रजातींत दोन-तीन वर्षे लांबते. प्रौढ भुंगेरा मात्र काही आठवडे ते काही महिनेच दिसतो. प्रौढाला पाहणे म्हणजे या कीटकाच्या चरित्राचे शेवटचे प्रकरण पाहणे होय.

या बिळांपाशी बसणाऱ्याला आणखी दोन पाहुणे भेटण्याची शक्यता असते. मेथोका वंशाची पंखहीन, मुंगीसारखी दिसणारी गांधीलमाशीची मादी अळीच्या जबड्यांत स्वतःहून शिरते, निसटते, दंश करून अळीला लुळी करते, तिच्यावर अंडे घालते आणि बीळ मातीने बुजवून निघून जाते. अँथ्रॅक्स वंशाची केसाळ माशी बिळावर घिरट्या घालत हवेतूनच आपली अंडी बिळाच्या तोंडात टाकते. मेथोकाचा संपूर्ण प्रसंग मला इतक्या वर्षांत एकदाच पाहायला मिळाला, आणि त्या दिवशी मी एकाही प्रौढ भुंगेऱ्याच्या मागे गेलो नव्हतो.

काळाविषयी. टेकड्या, माळ आणि जंगलवाटा यांवरील बहुतेक प्रजाती मृगाच्या सरी पडून माती मऊ झाल्यावर कोषातून बाहेर येतात, म्हणजे ज्या दिवसांत आपल्याला मातीवर लाल मखमली मृगाचे किडे दिसतात त्याच सुमारास त्यांचा हंगाम सुरू होतो. संततधार चालू असताना बाहेर पडण्यात अर्थ नाही. दोन-तीन दिवसांच्या पावसानंतर उघडीप मिळाली की त्या दिवशी जावे. नदीकाठच्या प्रजातींसाठी उलट, पूर ओसरून वाळवंट उघडे पडल्यावर, म्हणजे साधारण ऑक्टोबरपासून पुढे, सोईचा काळ येतो. दिवसाच्या वेळेचे गणित तापमानाचे आहे. शरीर पुरेसे तापल्याशिवाय हा कीटक वेगाने धावू शकत नाही, म्हणून सकाळी तो उन्हाच्या तुकड्यात पोट मातीला टेकवून, कूस उन्हाकडे करून बसतो. साडेआठ ते साडेदहा ही माझी आवडती वेळ आहे, कारण तेव्हा तो दिसण्याइतका बाहेर असतो आणि उडण्याइतका अधीर नसतो. दुपारी जमीन तापली की तो पाय ताठ करून शरीर जमिनीपासून उचलून धरतो, मग सावलीत जातो, पुन्हा उन्हात येतो. उन्हातल्या आणि सावलीतल्या या येरझाऱ्या घड्याळ लावून टिपणे हा अतिशय उपयुक्त अभ्यास आहे आणि त्याला थर्मामीटर व वही यांपलीकडे काही लागत नाही.

जवळ जाण्याची रीत अशी. भुंगेरा दिसताच थांबा आणि तो कोणत्या पट्ट्यात फिरतो हे पाच मिनिटे लांबूनच पाहा. तो त्याच दहा-पंधरा पावलांच्या जागेत पुन्हापुन्हा येतो हे लक्षात येईल. मग तो नसताना त्या पट्ट्याच्या कडेला जाऊन जमिनीवर बसा किंवा पालथे पडा. सूर्य समोर किंवा बाजूला ठेवा, म्हणजे आपली सावली पुढे पडणार नाही. मळकट रंगाचे कपडे बरे, पण कपड्यांपेक्षा उंची आणि हालचाल महत्त्वाची. सरकायचेच असेल तर तो धावत असताना किंवा भक्ष्य चावत असताना वीतभर सरका आणि तो थांबला की तुम्हीही थांबा. दोन मीटरवर नजर बसेल अशी दुर्बीण हे माझ्या दृष्टीने कॅमेऱ्यापेक्षा मोलाचे साधन आहे. छायाचित्रासाठी १०० मिलिमीटर किंवा त्याहून लांब मॅक्रो लेन्स घ्यावी; लहान लेन्सने फार जवळ जावे लागते. ओळख पटण्यासाठी वरून, बाजूने आणि समोरून अशी तीन छायाचित्रे हवीत. वरून पाठीवरची खांद्याची चंद्रकोर, मधला पट्टा आणि टोकाची चंद्रकोर दिसते, बाजूने गालांवर आणि छातीवर पांढरे केस आहेत की नाहीत ते कळते आणि समोरून वरच्या ओठाचा आकार व रंग दिसतो. नुसत्या वरच्या छायाचित्रावरून नाव ठरवण्याची घाई अनेक चुकीच्या नोंदींचे कारण ठरली आहे.

असे बसल्यावर काय दिसेल? भक्ष्य पकडल्यावर तो ते जबड्यांत मळत राहतो, त्यावर पाचक रस सोडतो, रस शोषून घेतो आणि शेवटी चोथ्याची गोळी टाकून देतो. नर मादीवर झेप घेतो, तिची छाती आणि पोट यांच्यामधल्या खाचेत जबडे अडकवतो आणि समागम संपल्यावरही बराच वेळ तिला सोडत नाही, कारण सोडताच दुसरा नर येण्याची शक्यता असते. अशी जोडी उडायला नाखूश असते, त्यामुळे नवोदिताला चांगले छायाचित्र बहुधा जोडीचेच मिळते. मादी एकटी असेल आणि पोटाचे टोक मातीत रोवून उभी असेल तर तिला अजिबात त्रास देऊ नका. ती अंडे घालते आहे आणि तेवढी जागा मनात नोंदवून ठेवा. माश्यांपैकी दरोडेखोर माशी आणि पक्ष्यांपैकी वेडा राघू हे त्याचे शत्रू हवेत घात लावतात, त्यामुळे भुंगेऱ्याचे उड्डाण इतके आखूड आणि खालून का असते हेही उमगते. रात्री टॉर्च घेऊन त्याच परिसरातील गवताची पाती आणि झुडपांची टोके तपासा. दिवसा हाती न लागणारे अनेक भुंगेरे तिथे पात्याला धरून निश्चल बसलेले असतात, आणि नदीकाठच्या काही प्रजाती तर एकाच झुडपावर मोठ्या संख्येने मुक्काम करतात. साप-विंचवाचा विचार करून पायात बूट असावेत आणि सोबत कोणीतरी असावे, एवढी काळजी मात्र घ्या.

जाळीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: आपल्याला तिची गरज नाही. राखीव वनात आणि अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय कीटक पकडणे बेकायदा आहे. परवानगी असलेल्या संशोधकाला नमुना लागतो, कारण काही प्रजाती सूक्ष्म तपशिलांशिवाय वेगळ्या करता येत नाहीत. पण निरीक्षकाला पकडलेल्या भुंगेऱ्यातून चावा आणि काही प्रजातींच्या बाबतीत कडू बदामासारखा वास, यांपलीकडे फारसे काही कळत नाही. गवताची काडी बिळात घालून अळी ‘गळाला लावण्याची’ युक्ती कोणी सांगेल, तीही करू नये. बाहेर ओढलेली अळी परत तसेच बीळ खणू शकेलच असे नाही.

एक काळजी मात्र इथे नोंदवतो, कारण ती आपल्या टेकडीशी संबंधित आहे. व्याघ्र-भुंगेऱ्यांना उघडी माती लागते. विशिष्ट जमिनीशी बांधलेले आणि ओळखायला तुलनेने सोपे असल्यामुळेच डेव्हिड पिअरसन आणि फॅबियो कसोला या व्याघ्र-भुंगेऱ्यांच्या अभ्यासकांनी १९९२ मध्ये त्यांना जैवविविधतेचा निर्देशक गट, म्हणजे ज्यावरून एखाद्या जागेतील एकूण जीवविविधतेचा अंदाज बांधता येतो असा गट, म्हणून पुढे आणले. आपल्याकडे नदीचे वाळवंट उपशाने जाते तेव्हा निदान कोणी तरी हळहळते. पण मुरमाड उतारावर सलग चर खणून दाट वृक्षारोपण होते तेव्हा ते चांगलेच काम मानले जाते, आणि त्या उघड्या उतारावर कोण राहत होते हे कोणी विचारत नाही. मी पंधरा वर्षे पाहत आलेली एक जागा अशीच एका उन्हाळ्यात यंत्राने उलटीपालटी झाली. त्यानंतरच्या तीन पावसाळ्यांत तिथे मला एकही बीळ सापडलेले नाही. आपल्या टेकडीवर असे काम होणार असल्याचे कानावर आले, तर तारीखवार नोंदी आणि छायाचित्रे घेऊन संबंधितांना आधीच भेटा. जिथे बिळे आहेत तो पट्टा वगळा असे म्हणण्यासाठी पुरावा लागतो, आणि तो आपल्यासारख्या दर रविवारी जाणाऱ्या माणसाकडेच असू शकतो.

आता त्या भोकांकडे. पुढच्या उघडिपीला कॅमेरा पिशवीतच ठेवून जा. पायवाटेच्या कडेची साधारण एक मीटर लांब-रुंद जागा निवडा, चार कोपऱ्यांना चार खडे ठेवा आणि आतली भोके मोजून कागदावर नकाशा काढा. पट्टी बाजूला धरून प्रत्येकाचा व्यास लिहा, पण पट्टी आत घालू नका. तारीख, वेळ, ऊन की सावली, माती ओली की कोरडी, एवढे लिहून मग दोन मीटरवर बसा. पहिले भोक बुजायला किती मिनिटे लागली तेही लिहा. दर रविवारी हेच करा. भोके रुंद होत जातील, काही बंद होतील, आणि एखाद्या पावसानंतर बंद झालेल्या जागेजवळ माती फोडून बाहेर आलेले ताजे छिद्र दिसेल. त्या आठवड्यात, सकाळी साडेआठच्या सुमारास, त्या चार खड्यांपाशी आपण आधीच बसलेले असाल तर भुंगेरा आपल्याकडे चालत येईल.